मोजणी होईपर्यंत

केतनने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला, तेव्हाच मी ओळखलं की वाट लागली आहे. एरवी आकडे दाखवायचे म्हटलं की हा माणूस खुर्चीत मावत नाही.

"घरभेटीच्या गल्ल्या, बावीस पेशंट," तो म्हणाला. "गोळ्या चालू असलेले बारा. बिनभेटीच्या गल्ल्या, एकवीस पेशंट. चालू असलेले पंधरा."

"उलटं लिहिलंयस तू."

"नाही ताई. तीनदा तपासलं."

मी त्याला सर म्हणत नाही. तो माझ्या भाचीच्या वयाचा, मुलुंडहून बाइकवर येतो, आणि सहा महिन्यांत माझ्या घरी त्याने इतक्या वेळा जेवून घेतलंय की आता सर म्हणणं बरं दिसणार नाही. तो ज्या संस्थेत काम करतो, तिचं कामच हे. सरकारने एखादी योजना सगळीकडे नेण्याआधी ती छोट्या जागेत लावून बघायची, अर्ध्या लोकांना द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि फरक पडतो का ते मोजायचं. आमची टेकडी घाटकोपरला, खाली रिक्षा स्टँड आणि वर बारा गल्ल्या. योजना होती टीबीच्या पेशंटसाठी. त्यांच्या घरी एक दिवसाआड जायचं, आजची गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची, उद्याची हातात ठेवायची. घरी जाणारी मी, दर्शना, आरोग्य केंद्राची स्वयंसेविका.

ही कल्पना कुठल्या साहेबाची नव्हती. ती माझी होती, आणि हे सांगताना मी लाजणार नाही. मी एकोणीस वर्षांची असताना मला टीबी झाला. आई सकाळी सहाला कामावर जायची. शेजारच्या सोनूबाई रोज दारात उभ्या राहायच्या, हातात पाण्याचा तांब्या. मी गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलायच्या नाहीत. मला त्यांचा इतका राग यायचा की बरी झाल्यावर वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण बरी झाले. एका बैठकीत मी हे बोलून गेले आणि केतनने ते लिहून घेतलं. मग चिठ्ठ्या टाकल्या. बारा गल्ल्यांतल्या सहा भेटीच्या, सहा बिनभेटीच्या. बिनभेटीवाल्यांना नेहमीसारखी केंद्रातून महिन्याची औषधं आणि मोबाइलवर मेसेज.

आणि आता आकडे सांगत होते की माझ्या जाण्याने लोक गोळ्या सोडतात. येत्या मंगळवारी वरच्या ऑफिसात बैठक होती. योजना पुढे न्यायची की बंद करायची, ते तिथे ठरणार होतं. आज बुधवार होता.

"अजून एक आहे," केतन म्हणाला. तो आता माझ्याकडे बघत होता. "तुमच्या बावीसपैकी नऊ घरांना कुलूप होतं. मोजणीवाल्या मुली दोनदा जाऊन आल्या. दोनदा कुलूप म्हणजे औषध सोडलं असं धरायचं, नियमच आहे तो. पण तुमच्या अ‍ॅपवर त्या नऊ नावांसमोर भेटीच्या प्रत्येक दिवशी 'समोर घेतली' असं दाबलेलं आहे. कुलूप लावलेल्या घरात कोणासमोर घेतली, ताई?"

खोटं बोलायला काही सुचलं असतं तर मी बोलले असते, हेही सांगून टाकते. पण काही सुचलं नाही.

"शिमगा," मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. मुलुंडच्या इमारतीत वाढलेल्याला कळायचं कसं? चिठ्ठ्यांनी भेटीच्या ज्या सहा गल्ल्या निघाल्या, त्यांतल्या चार कोकणवाल्यांच्या. मिलच्या काळात परळला असलेली आणि नंतर इथे आलेली घरं. बिनभेटीच्या गल्ल्यांत बहुतेक आमचे बौद्ध लोक, जालना-परभणीकडचे. आम्ही मार्चमध्ये कुठे जातो? कोकणवाला मात्र पगार कापला तरी चालेल, पण शिमग्याला गावी जाणारच. देवाची पालखी घरोघरी फिरते, अंगणात नाचवतात, तिला खांदा द्यायचा मान ज्या त्या घराचा ठरलेला असतो. आणि सरकारची मोजणी मार्चमध्येच, कारण वर्ष तेव्हा संपतं. बारा गल्ल्यांचा नकाशा काढताना, चिठ्ठ्या टाकताना, तारखा ठरवताना आम्ही सगळे खोलीत होतो. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा.

"गावी गेलेत तर तिथल्या केंद्राला कागद पाठवायचा होता," केतन म्हणाला. "पत्र करायचं, ते लोक तिथे गोळ्या देतात. तुम्हालाच शिकवलं होतं."

"हो."

"मग?"

मग काय. मला आठ मार्चची सकाळ आठवली. धोंडूकाका तांबे सातव्या गल्लीत राहतात, वय एकसष्ट, एका कारखान्यात वॉचमन होते. डिसेंबरपासून गोळ्या चालू. माझा सगळ्यात आवडता पेशंट, कारण तो एकटाच गोळी गिळल्यावर मला चहा विचारायचा. त्या दिवशी त्यांच्या बायकोने, रुक्मिणीकाकूंनी, दार लोटून घेतलं आणि माझा हात धरला.

"बाय, गावच्या दवाखान्यात कागद नको पाठवू. थयली नर्स आमच्याच वाडीतली. कळला तर ह्यांका पालखयेक हात लावूक देवचे नाय. आमच्या खळ्यात पालखी येवची नाय."

धोंडूकाका भिंतीकडे बघत होते. त्यांच्या बापाने त्या पालखीला खांदा दिला होता.

मी एकवीस दिवसांची पाकिटं दिली. मग आठव्या गल्लीतल्या एकीला कळलं, तिलाही दिली. असं करत नऊ. नियम दोन दिवसांच्या वर देऊ नये असा होता. पण मी रोज सकाळी नऊ फोन करायचे. "घेतली?" "घेतलंय गो." मग भेटीच्या दिवशी अ‍ॅपवर बटण दाबायचे. मला वाटायचं, आवाज ऐकला म्हणजे समोर घेतल्यासारखंच झालं.

केतनने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने लॅपटॉप बंद केला, एवढंच.

"तुम्हाला कळतंय का ताई, तुम्ही काय केलंत? ही नऊ घरं सोडा. मला आता तुमच्या सहा महिन्यांच्या एकाही नोंदीवर विश्वास ठेवता येणार नाही."

केंद्राच्या डॉक्टर श्रुतिका मॅडम. त्यांच्यासमोर आम्ही दोघं उभे राहिलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर लसीकरणाची रांग होती. मॅडम कमी बोलतात. त्यांनी मला काढून टाकण्याबद्दल काही म्हटलं नाही, आणि न काढण्याबद्दलही नाही.

"हे नऊ जण परत कधी येतात?" त्यांनी विचारलं.

"रविवारपर्यंत सगळे."

"मग सोमवारी सकाळी त्याच मुली जातील. न कळवता. उरलेली पाकिटं मोजायची आणि लघवी तपासायची." या गोळ्या चालू असल्या की लघवी केशरी होते. तोंडाने माणूस काहीही सांगेल, लघवी खोटं सांगत नाही. म्हणून मोजणीत पहिल्यापासून तीच खूण धरली होती.

"एक अट," केतन म्हणाला. "तोपर्यंत ताईंनी त्यांना फोन करायचा नाही. कोणीच नाही करायचा. मोजणी होणार हे त्यांना कळलं तर गाडीत बसल्याबसल्या गोळ्या घेतील आणि पाकिटं फेकून देतील. मग मंगळवारी मी काहीच मांडू शकणार नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. नऊच्या नऊ जण नियमित घेत असणार, याची मला खात्री होती. नऊ मिळवले की बावीसपैकी एकवीस. मंगळवारी कोणाची बोलायची टाप नव्हती. चार दिवस गप्प बसणं मला काय जड होतं?

गुरुवारी जडच गेलं. सकाळी आठला हात आपोआप फोनकडे जायचा. शुक्रवारी मी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि भांडी घासत बसले. माझी मुलगी रश्मी म्हणाली, "आई, तू परीक्षेला बसल्यासारखी काय करतेस?" मी तिच्यावर खेकसले. परीक्षाच होती. आणि मला ती पास व्हायची होती. पेशंट बरे व्हावेत हे तर होतंच, पण त्याहून जास्त मला त्या ऑफिसात बसलेल्या लोकांना दाखवायचं होतं की सोनूबाईंचा तांब्या तुमच्या मेसेजपेक्षा भारी आहे. हे आता लिहिताना मला लाज वाटते.

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. धोंडूकाका.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. वाजून बंद झाला. मी केतनला फोन लावला.

"धोंडूकाकांचा फोन येतोय. उचलू का?"

"तुम्ही बोललात की त्यांची मोजणी बाद होईल. आणि एकाला कळलं की नवांना कळेल, एकाच भागातले लोक आहेत ते. मी तुम्हाला उचलू नका असं सांगत नाही. तुम्ही ठरवा."

"मॅडमना करायला सांगू?"

"तेही तेच झालं ना ताई."

त्याच्यावर ढकलायला मला आवडेल. पण तो म्हणाला ते खरं आहे, ठरवलं मी. मी स्वतःला समजावलं की काका कोकम आणू का विचारत असतील. नाहीतर गाडीचं काहीतरी असेल. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाला जाताना त्यांनी मला असाच तीनदा फोन केला होता, फक्त साडी कोणत्या रंगाची घेऊ म्हणून.

दुपारी दोनला पुन्हा वाजला. मी तो हातात धरून बसले. तो थरथरत होता. मग थांबला. मेसेज आला नाही, काकांना मेसेज करता येत नाही. संध्याकाळी सातला तिसरा. त्या वेळी मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडला, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. बाहेर आले तेव्हा रश्मी दारात उभी होती.

"कोणाचा होता?"

"कोणाचा नाही," मी म्हणाले.

रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोनदा चप्पल घालून सातव्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. कुलूप निघालं का, तेवढं तरी बघू असं वाटायचं. पण मला तिथे कोणी बघितलं असतं तर तेही कळवल्यासारखंच झालं असतं.

सोमवारी सकाळी मुली टेकडी चढल्या. मी केंद्रात बसले, केतन समोर. अर्ध्या-अर्ध्या तासाने त्यांचे आकडे येत होते. पहिलं घर, पाकिटं रिकामी, लघवी केशरी. दुसरं, तसंच. तिसरं, पाकिटं भरलेली. मी केतनकडे बघितलं, तो लिहीत होता. चौथं केशरी. पाचवं नाही. सहावं नाही. सातवं केशरी. आठवं केशरी.

म्हणजे रोज सकाळी "घेतलंय गो" म्हणणाऱ्यांतले तिघं मला तोंडावर खोटं सांगत होते आणि मी बटणं दाबत होते.

नववं घर धोंडूकाकांचं. तिथून आकडा आला नाही, मुलीचा फोन आला. घरी शेजारची बाई होती. काकांना काल गाडीतून उतरवून थेट हॉस्पिटलात नेलंय. शुक्रवारपासून खोकल्यातून रक्त पडत होतं. पाकिटं पिशवीतच होती, एकवीसमधली सतरा भरलेली.

केतनने पेन खाली ठेवलं. मग तो हळूच म्हणाला, "शनिवारी तुम्ही मला विचारलं होतंत."

"हो," मी म्हणाले. "आणि तू मला सांगितलं होतंस, ठरव म्हणून."

मंगळवारच्या बैठकीला मला बोलावलं, हीच मोठी गोष्ट. मॅडम म्हणाल्या की नोंदी जिने चुकवल्या तिनेच सांगाव्यात. मी सांगितल्या. कुलूप, पाकिटं, बटणं, सगळं. वरच्या ऑफिसातले साहेब मधेच म्हणाले, "म्हणजे भेटीच्या गल्ल्यांत बावीसपैकी सतरा. बिनभेटीच्या एकवीसपैकी पंधरा. यात फरक कुठे आहे? एवढ्यावरून मी हे सगळ्या उपनगरात नेऊ?"

तेव्हा केतन उभा राहिला. त्याने हातातला कागद साहेबांपुढे ठेवला. "सर, फेब्रुवारीत याच मुलींनी अशीच अचानक लघवीची तपासणी केली होती. ताईंच्या अ‍ॅपशी तिचा काही संबंध नाही. तेव्हा सगळे मुंबईत होते आणि भेटी चालू होत्या. बावीसपैकी एकवीस केशरी. बिनभेटीच्या गल्ल्यांत तेव्हाही पंधराच. मार्चमध्ये नऊ जणांच्या भेटी थांबल्या, फक्त फोन चालू राहिला. नवांपैकी चार जणांनी सोडल्या. आम्ही हे मुद्दाम केलेलं नाही, आणि नऊ माणसं म्हणजे पुरावा नव्हे. पण भेट असताना काय होतं आणि नसताना काय, ते दिसतंय."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. शेवटी म्हणाले, सगळीकडे आत्ता नाही. जूनपासून अजून चार वस्त्यांत लावा, गावी जाणाऱ्यांचं काय करायचं ते आधी ठरवा, आणि मोजणी सणात ठेवू नका. योजना तगली. मला मात्र नोंदीचं काम मिळणार नाही. ते योग्यच होतं, त्यावर मी भांडले नाही.

भांडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. बैठकीतून बाहेर येताच केतनने नवीन नियमावली लिहायला घेतली, त्यात होतं की मोजणीच्या काळात पेशंटशी संपर्क नको. मी म्हटलं, पेशंटचा फोन आला तर उचलायचा असं लिही. मोजणी गेली खड्ड्यात.

"मग आकडे स्वच्छ राहणार नाहीत, ताई."

"नको राहू देत."

शेवटी त्याने ते लिहिलं.

तिथून मी हॉस्पिटलात गेले. धोंडूकाका खाटेवर टेकून बसले होते, तोंडाला मास्क, हाताला सलाइन. खांद्यावर पालखीच्या दांड्याचा काळानिळा वळ अजून होता. रुक्मिणीकाकू मला बघून बाहेर निघून गेल्या. मी खुर्ची ओढली.

"सोडल्या कशाला?" मी विचारलं. दुसरं काय बोलायचं ते सुचेना.

"पुतण्यान बघितल्यान, लघवी तांबडी. इचारूक लागलो काय झाला म्हणून." ते थांबत थांबत बोलत होते. "म्हटलं पालखी होवंदे, मगे सुरू करूया. मगे रक्त पडला. म्हटलं दर्शनाक इचारूया, आता खयसून सुरू करू, एकदम चार घेऊ काय. तीनदा फोन केलंय."

"माहितेय, काका."

"उचललंस नाय. माका वाटला, रागावलंस."

मला काहीतरी बरं सांगता आलं असतं. फोन घरी विसरला होता, चार्जिंग नव्हतं, काहीही. पण मी त्यांना खरं सांगितलं. सांगितलं की मोजणी होती, मी तुमच्याशी बोलले असते तर ती फुकट गेली असती, म्हणून मी मोरीत नळ सोडून उभी राहिले. सांगताना मी रडत होते आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

काका ऐकत होते. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. मग मास्क जरा खाली ओढून त्यांनी विचारलं, "मगे? पास झालात काय तुमी?"

"झालो."

"मगे बरा झाला," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा मोकळा झाला. "आमच्यामुळा तुजा काम अडाक नको होता."

त्यापेक्षा त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी गेले असते.